पॉइंट टू-टू बोल्ट ॲक्शन रायफल : नऊ महिने, अडीच हजार राउंड आणि न फुटलेली काडतुसं

गेल्या जूनमध्ये क्लबमधल्या एका ज्येष्ठ नेमबाजाकडून ही वापरलेली रायफल घेतली. परवान्यावर नोंद होऊन हातात येईपर्यंत पाऊस सुरू झाला होता. आता फेब्रुवारी संपत आलाय. नेमाबद्दल तक्रार नाहीच. ५० मीटरवर चांगल्या काडतुसांच्या पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातात. पण पहिले काही महिने तिनं मला रडकुंडीला आणलं. पन्नासच्या डबीत चार-पाच काडतुसं फुटायचीच नाहीत आणि दोन-तीन चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसायच्या जागेच्या, तोंडाशीच अडायची.

मी न फुटलेलं काडतूस वैतागून टाकून द्यायचे. एकदा सरांनी हात धरला. म्हणाले, "टाकू नकोस, आधी त्याची रिम बघ." पुढचं सगळं त्या एका वाक्यानं सुटत गेलं.

रिमफायर काडतुसात प्रायमर मधोमध नसतो. तळाच्या पोकळ कडेत, म्हणजे रिममध्ये, पेटणारा मसाला पसरलेला असतो. फायरिंग पिन ही कड चेंबरच्या काठावर चेपते, तेव्हा ठिणगी पडते. कडेत कुठे मसाला पोहोचलाच नसेल आणि पिन नेमकी तिथे बसली, तर नुसता टक्क आवाज. अशा वेळी नळी टारगेटकडेच ठेवायची, तीस सेकंद थांबायचं, मगच बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा, उघडायचा. एनसीसीत उस्तादांनी हे इतकं घोटून घेतलंय की अजून मनात आकडे मोजले जातात. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते, म्हणून पुढचा राउंड भरायच्या आधी नळी रिकामी आहे का, हे बघायलाच हवं.

तर मी भिंग घेऊन बसले. काही काडतुसांवर खूण खोल आणि स्वच्छ होती. सरांच्या देखरेखीखाली ती अर्धा वळसा फिरवून पुन्हा भरली, तर बहुतेक फुटली. म्हणजे दोष काडतुसाचा. दुसऱ्या लॉटची डबी आणली आणि हा प्रकार जवळपास थांबला.

उरलेल्यांवर खूण उथळ होती, नखानं दाबल्यासारखी. बोल्ट उघडला तर पिनच्या खोबणीत जुनं ग्रीस काकवीसारखं घट्ट झालेलं. डिसेंबरच्या थंडीत सकाळी सातला मिसफायर जास्त आणि उन्हं चढल्यावर कमी का, ते तेव्हा कळलं. सगळं सॉल्व्हंटनं धुऊन कोरडं केलं, आता तिथे ग्रीस नाही, तेलाचं नुसतं बोट.

तरीही डबीमागे एखादं राहायचंच, आणि ते त्याच जागी दुसरा ठोका बसला की फुटायचं. याचा अर्थ काडतूस पूर्ण आत बसतच नव्हतं. पहिला ठोका ते आत ढकलण्यातच खर्ची पडायचा. या काडतुसाची शिशाची गोळी बाहेरून मेणकट असते. ते मेण, शिसं आणि काजळी यांचं कडं चेंबरमध्ये जमलं होतं. ब्राँझच्या ब्रशनं ते निघालं आणि खाली खरी गोम दिसली: चेंबरच्या काठावर पिनेची बारीक खाच, धातू आत दबलेला. आधीच्या मालकांनी रिकाम्या रायफलचा चाप वर्षानुवर्षं ओढला असणार. प्रायमर मधोमध असलेल्या सेंटरफायरमध्ये हे बहुधा खपून जातं, रिमफायरमध्ये पिन थेट काठावर आदळते. कृपा करून रिकामं फायर करू नका. सरावाला स्नॅप कॅप, म्हणजे नकली काडतूस, वापरा. हा काठ घरी कानशीनं घासायचाही नाही. शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. परवानाधारक कारागिरानं अर्ध्या तासात तो दाबून सारखा केला.

अडकण्याचं मूळ मात्र मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं भरायच्या डबीत, होतं. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला स्वप्नील कुसाळेंनी ज्या प्रकारात कांस्य मिळवलं, त्यातही हेच काडतूस असतं, पण तिथे प्रत्येक गोळी हातानं भरतात, मॅगझिनचा प्रश्नच येत नाही. माझ्या मॅगझिनचा उजवा ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणारी वरची कड, किंचित बाहेर वाकला होता. त्यामुळे गोळीचं नाक खाली झुकून चेंबरच्या काठाला लागायचं आणि मऊ शिशाची साल निघायची. बोल्टखाली सापडणारे ते चकचकीत तुकडे कसले, हे कोडं तिथे सुटलं. नवं मॅगझिन मिळायला सात आठवडे लागले. सुट्या भागांची ही वाट बघणं हीच या रायफलची सगळ्यात मोठी अडचण आहे. घ्यायचीच असेल तर दोन मॅगझिनं मागून घ्या. भरताना वरच्या काडतुसाची रिम खालच्या रिमच्या पुढे राहील असं बघा, नाहीतर दोन्ही एकमेकांत अडकतात. आणि बोल्ट पूर्ण मागे ओढा. मी घाबरून अर्धाच ओढायचे, ती चूक माझीच.

गेल्या रविवारी साठ राउंड झाडले. एकही अडकला नाही, फक्त एक फुटला नाही. खूण खोल होती. काडतूस फिरवलं, फुटलं, टारगेटवर नऊ गुण लागले.