रॉय कीन की विदिच?

कापूस वेचून झाला की आमच्या पानठेल्यावर मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या या दोन जुन्या गड्यांत जास्त कणखर कोण, हा वाद हमखास पेटतो. कीन १९९३ ते २००५ खेळला. समोरच्याला तर तुडवायचाच, स्वतःच्या गड्यांनाही सोडत नसे. १९९९ ची तुरिनमधली (इटली) चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल आठवा: युव्हेंटस २-० ने पुढे, यानं हेडरनं पहिला गोल फेडला, मग पिवळं कार्ड खाल्लं. त्या कार्डामुळं बंदी येऊन आता फायनल हुकणार हे ठाऊक, तरी गडी शेवटपर्यंत धावला. ३-२ जिंकले.

विदिच २००६ मध्ये आला. दुसरे पाय घालायला भितात तिथं हा डोकं घालायचा. पण लिव्हरपूलविरुद्ध चार वेळा लाल कार्ड!

पानठेलेवाले काका म्हणतात, "विदिचच पायजे बाप्पा." मी कीनवाला.