गोडोवर सात महिने: भाचीसाठी अक्षरांचा खेळ करताना

सात महिने झाले, जेवणं उरकली की तासभर गोडो (Godot, संगणकावरचे खेळ बनवायचं सॉफ्टवेअर) उघडून बसतो. नोकरी हिशेबाची, प्रोग्रॅमिंगशी संबंध एक्सेलच्या फॉर्म्युल्यांपुरता. तिसरीतल्या भाचीसाठी वरून पडणारी अक्षरं टिपून शब्द जुळवायचा खेळ करायचा होता. तो झालाय, आणि ती आता त्यात चुका काढते.

झिप शंभर एमबीच्या आत, इन्स्टॉलची भानगड नाही, आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर बिनतक्रार चालतं. २०१४ पासून एमआयटी परवान्याखाली खुलं आहे, त्यामुळे उद्या खेळ विकला तरी कुणाला छदाम द्यायचा नाही. (घेणार कोण, ते सोडा.)

नोड (खेळाचा एकेक सुटा भाग) आणि सीन (नोड जोडून केलेला संच) यांचं गणित डोक्यात शिरायला दोन आठवडे गेले. पण पडणारं अक्षर एकदा सीन म्हणून बांधलं की हव्या तेवढ्या प्रती काढता येतात, हे कळलं त्या रात्री झोप आली नाही.

खरी गंमत मराठीची. ‘क्षमा’चे तुकडे करायला कोडला सांगितलं, तर वरून आधी क पडला, मग ठिपक्यांच्या गोलाला लटकलेला नुसता मोडका पाय, मग ष. ‘मामा, हे कुठलं अक्षर?’ संगणकाच्या लेखी क्ष म्हणजे तीन चिन्हं, आणि मी त्याला तसंच मोजायला लावलं होतं. शेवटी एका रविवारी बसून सगळे शब्द हातानं तोडले: क्ष, मा. काम कंटाळवाणं, पण पक्कं.

जोडाक्षरं दिसतात मात्र झकास. ही सोय चौथ्या आवृत्तीपासूनची, म्हणजे मार्च २०२३ नंतरची. तिसऱ्या आवृत्तीत मराठीसाठी हात घालू नका. फक्त फॉन्ट स्वतः द्या. माझ्या लॅपटॉपवर सिस्टिमचा फॉन्ट गुपचूप वापरला जात होता. ब्राउझरसाठी एक्स्पोर्ट केलं तर सगळीकडे चौकोन! मुक्ता हा देवनागरी फॉन्ट टाकला, प्रश्न मिटला.

दुसरा फटका मेव्हण्याच्या घरी. त्याच्या १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर अक्षरं गारांसारखी कोसळायला लागली. वेग डेल्टानं, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळानं, गुणायचा राहिला होता, त्यामुळे जितक्या फ्रेम जास्त तितका खेळ सुसाट. चूक एका शब्दाची, शोधायला तीन रात्री.

कटकट एकच: यूट्यूबवरचे बरेच धडे अजून तिसऱ्या आवृत्तीचे आहेत. कोडमधल्या शब्दांची नावंच बदलली आहेत: तिथला यील्ड आता अवेट झालाय, इन्स्टन्सचा इन्स्टँशिएट. धडा लावण्याआधी आवृत्ती बघा, नाहीतर लाल ओळी मोजत बसाल. मराठीत तर धडे शोधूनच काढावे लागतात.

कोड लिहायचाच नसेल तर जीडेव्हलप बघा, तेही खुलंच आहे. मी गोडोतच राहणार. ‘ज्ञ कधीच का पडत नाही?’ अशी तक्रार कालच आली आहे.