शैक्षणिक मानसशास्त्र पथकाची शालेय सेवा : एक अभिप्राय

आमच्या शाळेने घेतलेल्या या सेवेचे खरे बळ चाचण्यांत नसून पथकप्रमुखांनी केलेल्या कामाच्या आखणीत आहे. ‘या मुलाला तपासा’ अशी मागणी घेऊन येणाऱ्या शिक्षकांना पथकप्रमुख आधी समोर बसवतात आणि वर्तन नेमके कोणत्या तासाला, कोणत्या सूचनेनंतर बिघडते, हे विचारतात. एका मुलाला फळ्यावरचे उतरवून घ्यायला जास्त वेळ देताच त्याचे वर्गाबाहेर पळणे बरेच कमी झाले. १० ते १९ वयोगटातील साधारण सातांपैकी एकाला मानसिक विकार असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा प्रत्येकाला स्वतंत्र सत्र देणे कोणत्याही पथकाच्या आवाक्याबाहेरचे असून, शिक्षकांनाच सक्षम करण्याचा हा मार्ग मला योग्य वाटतो. बालमनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांची मुलांच्या भावना व वर्तनाविषयीची २५ विधानांची प्रश्नावली येथे केवळ प्राथमिक चाळणीसाठी वापरली जाते, निदानासाठी नव्हे (हा फरक पालकांना मात्र पुन्हापुन्हा समजावावा लागतो). कनिष्ठ मानसशास्त्रज्ञांच्या पर्यवेक्षणाची वेळ राखीव असते आणि परीक्षांच्या धामधुमीतही ती रद्द होत नाही. लेखी अहवाल मात्र उशिरा येतात व त्यांची भाषा वर्गशिक्षकांना जड जाते. शिफारशी एका पानात मिळणार असतील, तर करार पुढे चालू ठेवण्यास माझी हरकत नाही.