चार इंची रबरी रोलर: अमूर्त चित्रासाठी कितपत कामाचा?

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या कॅनव्हाससमोर उभं राहिलं की ब्रशचा फटकारा शोधूनही सापडत नाही. ते रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरवायची बोथट सुरी) वापरत, हे कळलं की तैलरंगात काम करणारा प्रत्येक जण एकदा तरी रोलर घ्यायला निघतो. मुंबईत फोर्टात किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला चित्रसाहित्याच्या दुकानात जो मिळतो तो मुळात छापचित्रांसाठीचा असतो: लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ, लोखंडी कमान, मधे आस आणि त्यावर रबर. भिंती रंगवायचा स्पंजचा रोलर मात्र घेऊ नका. तो तेल पिऊन बसतो आणि पृष्ठभागावर बुडबुडे सोडतो.

घेताना काचेच्या काउंटरवर फिरवून बघा. काच आणि रबर यांच्यामधून उजेड दिसला तर रबर वाकडं आहे. नखाने दाबून बघा: खळगा पडून लगेच भरून आला तर मऊ, नख टेकलंच नाही तर कडक. रबराला सांध्याची रेघ असेल तर तो ठेवून द्या, ती रेघ प्रत्येक फेरीत चित्रावर उमटते.

मऊ की कडक, यावरच पुढचं सगळं ठरतं. मऊ रबर कापडाच्या विणीत शिरतं आणि खालचं झाकतं. कडक रबर फक्त उंचवट्यांना टेकतं. खाली एखादी बसलेली आकृती जाड रंगात काढून वाळवली आणि वरून कडक रोलर फिरवला, तर खांद्याची, गुडघ्याची कड पुन्हा वर येते. आकृती ओळखू येत नाही, तिचं वजन मात्र तिथेच राहतं. अमूर्त म्हणजे आकृतीचा अभाव, या समजाला हे साधं अवजार चांगलं उत्तर देतं. गायतोंडेंची सुरुवातीची चित्रं आकृतिप्रधानच होती, युरोपीय चित्रकार पॉल क्लीचा प्रभाव त्यांत दिसतो. पुढे त्यांना स्वतःच्या कामासाठी ‘अमूर्त’ हा शब्द नको असे, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ (कुठलीच वस्तू न दाखवणारं) हा हवा असे. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी पान, घड्याळ ओळखू येईल असं ठेवूनही भोवतालचा अवकाश पूर्ण अमूर्त केला. म्हणजे एका टोकाकडून दुसरीकडे जायच्या वाटा बऱ्याच आहेत, रोलर ही त्यातली एक.

१२ बाय १६ इंचांच्या कॅनव्हाससाठी काचेवर बोटभर लांबीचा रंग पिळा, जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब टाका आणि आडवा-उभा पसरवा. कान द्या. चपचप आवाज आला तर रंग जास्त आहे, बारीक चरचर आली की झाला तयार. खालची आकृती टर्पेंटाइनवर पातळ केलेल्या बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी रंगात) काढली तर लवकर वाळते. जाड कडा हव्या असतील तर अधिक दिवस थांबा, पावसाळ्यात तर आणखीच. वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त हवं. उलट झालं तर काही काळाने तडे जातात.

घोळ बहुतेक दोन ठिकाणी होतो. रबराचा व्यास ४ से.मी. असेल तर एक फेरी साधारण १२.५ से.मी.ची. तेवढ्या अंतरावर तोच डाग पुन्हा, थोडा फिका होऊन येतो. डोळा ही पुनरावृत्ती चटकन पकडतो आणि चित्र नक्षीचं कापड वाटायला लागतं. म्हणून दोन फेऱ्यांनंतर दिशा बदला, पुन्हा रंग घ्या. दुसरं म्हणजे ताणलेल्या कॅनव्हासवर जोर दिला की मागच्या लाकडी चौकटीची कड चारी बाजूंनी उमटते. मागे त्याच मापाचा पुठ्ठा किंवा प्लाय सरकवा, किंवा सरळ एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर) काम करा.

थर जास्त झाला तर कोरा न्यूजप्रिंट (वर्तमानपत्राचा न छापलेला कागद) ठेवून तळहाताने दाबा आणि एका कोपऱ्यातून उचला. छापील वर्तमानपत्राची शाई ओल्या रंगात उतरते. बटर पेपर रंग शोषत नाही. उचलल्यावर राहिलेला ठिपकेदार पोत ब्रशने येत नाही, आणि या रोलरचे पैसे खऱ्या अर्थाने तिथे वसूल होतात.

स्वच्छता हा कमकुवत भाग. टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवलेलं साधं रबर फुगतं, चिकट होतं. आधी चिंधीने पुसा, मग खाण्याच्या तेलाने, शेवटी साबणाने. रबरावर टेकवून ठेवला तर एक बाजू चपटी होते, त्यामुळे खिळ्याला टांगा.

एकच घ्यायचा तर मऊ चार इंची घ्या. आकृतीशी झगडायचं असेल तर सोबत दोन इंची कडक. सपाट रंगक्षेत्रं आणि धारदार कडा हव्या असतील, तय्यब मेहतांच्या चित्रांसारख्या, तर रोलरच्या नादी लागू नका. त्याला रुंद चपटा ब्रश हवा आणि स्थिर हात.