मँचेस्टरचे स्थळ आणि कस्टम्सची पावती

एकतीस वर्षे बँकेत नोकरी करताना ‘अनोळखी खात्यात पैसे भरू नका’ ही सूचना मी स्वतःच्या हाताने शाखेच्या फलकावर लावत आलो. निवृत्तीनंतर तिसऱ्याच वर्षी, मुलीच्या पुनर्विवाहासाठी परदेशातील स्थळे सुचवणाऱ्या एका संस्थेच्या नादी लागून मी नोंदणी शुल्काव्यतिरिक्त ४,०३,५०० रुपये घालवले. मुलीला यातले काहीच ठाऊक नव्हते; तिच्या नावाची नोंदणी मीच केली होती आणि पत्रव्यवहारही मीच पाहत होतो.

नोंदणीचे पंचवीस हजार घेतल्यावर संस्थेने मँचेस्टरच्या एका डॉक्टरांचे स्थळ पाठवले. मुलगा मूळचा कराडकडचा, असे माहितीत लिहिले होते. मी कुलदैवत विचारले, तर उत्तर दुसऱ्या दिवशी आले. परदेशात वाढलेला मुलगा आहे, आईला विचारून सांगत असेल, असे मीच त्याच्या वतीने ठरवून टाकले. व्हिडिओ कॉलवर तो कधी आला नाही, कारण त्याला सतत रात्रपाळी असे. दूरध्वनी क्रमांक अधिक चव्वेचाळीस या ब्रिटनच्या संकेतांकाने सुरू होत होता, आणि असा क्रमांक इंटरनेटवरून कोणालाही घेता येतो हे मला नंतर पोलिसांनी सांगितले.

सात आठवड्यांनी तो आम्हाला भेटायला निघाला. त्याच दुपारी दिल्ली विमानतळावरून ‘कस्टम्स अधिकारी’ म्हणवणाऱ्या बाईंचा फोन आला की पाहुण्यांकडे पौंडांची मोठी रक्कम सापडली असून शुल्क न भरल्यास त्यांना अटक होईल. मागून विमानतळावरच्या घोषणाही ऐकू येत होत्या. आधी ३८,५००, मग १,४५,००० आणि शेवटी मुदत ठेव मोडून २,२०,००० रुपये मी पाठवले. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पावतीवर अशोकस्तंभ होता, मात्र पैसे जमा करायचे खाते एका व्यक्तीचे, साधे बचत खाते होते. सरकारी शुल्क कोणाच्या बचत खात्यात जात नाही, हे माझ्याइतके कोणाला माहीत असणार?

परकीय चलन भारतात आणण्यावर मर्यादा नाही. पाच हजार डॉलरहून अधिक रोख नोटा असल्यास प्रवाशाने त्या जाहीर करायच्या असतात, आणि काही शुल्क लागलेच तर ते प्रवासी स्वतः तिथेच भरतो. सीमाशुल्क विभागाच्या पत्रांवर २०१९ पासून एक ओळख क्रमांक असतो आणि तो विभागाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. माझ्या पावतीवर तो नव्हताच.

माझी खरी चूक मात्र पैसे पाठवल्यानंतरची आहे. फसलो हे त्याच रात्री उमगले होते, पण ‘बँकेतला माणूस आणि असा कसा फसला’ या एका वाक्याच्या धास्तीने मी नऊ दिवस गप्प राहिलो. पत्नीलाही सांगितले नाही. दहाव्या दिवशी सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार केली, तेव्हा माझे पैसे तीन खात्यांतून पुढे गेलेले होते आणि अवघे ११,२०० रुपये गोठवता आले. तेही अजून परत मिळायचे आहेत. हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तक्रार येताच संबंधित बँकांना सूचना जाते, म्हणून पहिल्या काही तासांतच फोन करावा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला संदर्भ क्रमांक), वेळ आणि समोरच्याचे खाते हाताशी ठेवावे. मी रागाच्या भरात त्या ‘डॉक्टरां’चे निम्मे संदेश पुसून टाकले होते, तसे करू नये, कारण तोच पुरावा असतो.

फोननंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर सविस्तर तक्रार मुलीने भरली. ‘पीडित व्यक्ती’च्या रकान्यापाशी थांबून तिने विचारले, “बाबा, इथे तुमचं नाव घालू की माझं?” मला उत्तर देता आले नाही. पोलीस ठाण्यात आधी ‘हद्द दिल्लीची’ असे ऐकावे लागले, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे तिने शांतपणे सांगितले. गुन्हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड आणि न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली दाखल झाला.

संस्थेचे म्हणणे एवढेच की ‘आम्ही फक्त ओळख करून देतो’. विवाहविषयक संकेतस्थळांनी सदस्यांची ओळख पडताळावी आणि तक्रार निवारण अधिकारी नेमावा, अशा मार्गदर्शक सूचना केंद्राने २०१६ मध्येच काढल्या आहेत. त्यांचा आधार घेऊन मी नोंदणी शुल्कासाठी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो आहे. संस्थेचे कार्यालय दुसऱ्या शहरात असले तरी २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदाराला आपल्या जिल्ह्यातच दाद मागता येते आणि एवढ्या लहान रकमेला आयोगाचे शुल्कही लागत नाही.

गुन्हा दाखल झाल्यावर पाच आठवड्यांनी त्याच संस्थेतून एका मुलीचा फोन आला, “काका, कॅनडाचं एक छान स्थळ आलंय.” तिचा क्रमांक आणि फोनची वेळ मी त्याच दिवशी तपास अधिकाऱ्यांना लेखी कळवली.