वीम बॅकअप वर्षभर वापरल्यावर: रिस्टोअर झकास, पण तो एंटरप्राइझ मॅनेजर काढून टाका

वीम म्हणजे सर्व्हरचे बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर. त्याचे फीचर्स, लायसन्स वगैरे सगळीकडे लिहिलेलं आहे, ते परत लिहीत नाही. रिस्टोअरला नाव ठेवायला जागा नाही. अकाउंट्सच्या सर्व्हरचं स्टोरेज गेलं तेव्हा इन्स्टंट रिकव्हरीने व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, सॉफ्टवेअरमध्ये चालणारा सर्व्हर) थेट बॅकअपवरूनच उभी केली, टॅली चालू झाली, साहेबांना कळलंही नाही. पैसे तिथेच वसूल.

डोकं फिरलंय ते एंटरप्राइझ मॅनेजरवरून. ब्राउझरमधून बॅकअप बघायचं वेब पोर्टल, ऑप्शनल आहे, वेगळं टाकावं लागतं. आमच्या पार्टनरने, म्हणजे वीम विकून बसवून देणाऱ्या व्हेंडरने, ते न विचारता टाकून दिलं, का तर मॅनेजमेंटला डेमो दाखवायला बरं दिसतं. नंतर ते कुणी उघडलंच नाही, सगळं काम वीमच्या नेहमीच्या कन्सोलवरून.

आणि नेमकं त्यातच भोक. सीव्हीई-२०२४-२९८४९ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या भोकाला दिलेला नंबर), २१ मे २०२४ ला जाहीर झालं, धोक्याचा स्कोअर १० पैकी ९.८. पासवर्ड नको काही नको, कोणत्याही युजरच्या नावाने पोर्टलमध्ये लॉगिन. मला वाटलं असेल काहीतरी किचकट, पण जूनमध्ये एका रिसर्चरने अख्खी पद्धत कोडसकट टाकली ती वाचली आणि हसावं का रडावं कळेना. ९३९८ पोर्टवरच्या सर्व्हिसला व्हीएमवेअरचं सिंगल साइन-ऑन टोकन, म्हणजे लॉगिनचा पुरावा, पाठवायचं, त्यात लिहायचं मी अ‍ॅडमिन, आणि हे टोकन खरं की खोटं ते कुठल्या सर्व्हरला विचारायचं तो पत्ता पण आपणच द्यायचा. वीम बिचारं त्याच पत्त्यावर जाऊन विचारणार, तिथे हल्लेखोराचाच सर्व्हर बसलेला, तो म्हणतो हो. सोसायटीच्या वॉचमनने पाहुण्याला अडवायचं आणि खात्री करायला पाहुण्यानेच दिलेल्या नंबरवर फोन लावायचा, तसला प्रकार. अरे निदान आपल्याकडे कुठला सर्व्हर नोंदवलाय एवढं तरी बघा!

बॅकअप सर्व्हर म्हणजे व्हीसेंटरपासून (सगळ्या व्हीएम सांभाळणारा सर्व्हर) सगळ्यांचे पासवर्ड एका जागी, रॅन्समवेअरवाले, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे, आधी तिथेच जातात. २०२३ चं सीव्हीई-२०२३-२७५३२ आठवत असेल, ९४०१ पोर्टवरून लॉगिन न करता साठवलेले क्रेडेन्शियल्स मिळत होते, क्युबा रॅन्समवेअरच्या टोळीने ते वापरलं पण.

तेव्हा एकच स्टार द्यायचं ठरवलेलं. मग दुसरं काय घ्यावं बघायला गेलो तर तिकडेही तेच. व्हेरिटास बॅकअप एक्झेकच्या एजंटच्या ऑथेंटिकेशनमध्ये २०२१ ला भोकं सापडली, नंतर एएलपीएचव्ही या रॅन्समवेअर टोळीवाल्यांनी त्यातून घुसखोरी केली. आर्कसर्व्ह यूडीपीमध्ये २०२३ ला लॉगिन बायपास. म्हणजे पळून जायचं कुठे? आणि वीमने भोक बुजवणारा १२.१.२.१७२ हा बिल्ड जाहीर केलं त्याच दिवशी दिला होता, कोड बाहेर आला तो जवळपास तीन आठवड्यांनी, शिवाय सपोर्ट चालू असेल तर अपडेट फुकट. त्यामुळे कंपनीवरचा राग निम्मा गेला.

उरलेला पार्टनरवर. आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) लावून नेक्स्ट नेक्स्ट करायचे 'अपग्रेड चार्जेस', वर जीएसटी! चार्जेस जास्त वाटतात म्हटलं तर उत्तर आलं, पोर्टल इंटरनेटवर नाहीये ना, मग घाई कशाला. अहो, स्टोअर्समधला एक लॅपटॉप फुटला की माणूस लॅनमध्ये आलाच की. एक पैसा दिला नाही, रात्री बसून स्वतः अपडेट केलं.

पुढे सप्टेंबर २०२४ ला सीव्हीई-२०२४-४०७११ आलं, पुन्हा ९.८, आणि या वेळी मेन बॅकअप सर्व्हरमध्येच, अकिरा आणि फॉग या रॅन्समवेअर टोळ्यांनी वापरलं. मग मार्च २०२५ ला सीव्हीई-२०२५-२३१२०, त्यात तर सर्व्हर डोमेनमध्ये (कंपनीच्या सामाईक विंडोज लॉगिनमध्ये) असेल तर साधा डोमेन युजरही त्यावर कोड चालवू शकतो. आमचा कुठे होता? डोमेनमध्ये! पार्टनरचीच कृपा, वीमची स्वतःची गाइड सांगते वेगळा ठेवा तरी. आता वर्कग्रुपमध्ये, म्हणजे डोमेनबाहेर आहे, कन्सोलला एमएफए (पासवर्डशिवाय आणखी एक कोड), आणि बॅकअप लिनक्सच्या हार्डन्ड रिपॉझिटरीवर (बॅकअप साठवायचा बंदिस्त सर्व्हर), म्हणजे ठरवलेल्या मुदतीआधी विंडोजच्या अ‍ॅडमिनलाही डिलीट करता येत नाही.

वीमला चार स्टार, पार्टनरला शून्य.

एंटरप्राइझ मॅनेजर काढल्यावर बॅकअपच्या जॉब्जना काही झालं नाही, पण काढण्याआधी एक बघा. बॅकअपला एन्क्रिप्शन असेल आणि पासवर्ड विसरलात तर सोडवायची सोय फक्त त्याच्यातच आहे. म्हणून पासवर्ड आधी कागदावर लिहून ठेवा, आमचा अकाउंट्सच्या तिजोरीत चेकबुकांशेजारी आहे.