हातकागदाचा शालेय संच: कल्पना छान, चौकट कच्ची

जुन्या वह्यांपासून कागद करण्याचा हा संच शाळांसाठी म्हणून स्टेशनरीच्या दुकानांत मिळतो. खोक्यावर 'चाळीस मुलांच्या वर्गासाठी' असं छापलंय, पण आत ए-५ मापाची एकच जोडी निघते: एक जाळीची चौकट, एक वरची मोकळी. लगदा उचलणं, निथळवणं आणि कापडावर उलटवणं यात एका मुलाची दोन मिनिटं जातात. चाळीस जणांची झाली ८० मिनिटं, आणि तास असतो ३५ मिनिटांचा! चार जोड्या असल्या तर दहादहाच्या गटात वीस मिनिटांत काम उरकतं. कापडंही दहाच दिली आहेत. प्रत्येक ओला कागद आपापल्या कापडावरच वाळतो, म्हणजे चाळीस हवीत. जुनी सुती चादर फाडली तरी चालते.

खरी अडचण चौकटीची. ती एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची आहे, दुसऱ्या-तिसऱ्या वापरात पाणी पिऊन फुगते आणि कोपरे उघडतात. साधे खिळे गंजतात, त्याचे तपकिरी डाग कागदावर उतरतात. जाळी सैल ताणलेली, मध्ये झोल पडतो; तिथे लगदा साचून कागद पोटाशी जाड आणि कडेला विरविरीत होतो. पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळ एखाद्या सुताराकडून सागवानी चौकटी करून घ्या, बोहरी आळीतून मच्छरजाळी आणून घट्ट ताणून बसवा. वर्षानुवर्षं टिकतील.

माहितीपत्रकात मापं नाहीत, ती इथे देतो. झेरॉक्सच्या ए-४ कागदाचं वजन साधारण पावणेपाच ग्रॅम. हाताने काढलेला कागद त्याच्या दुप्पट जाड होतो, त्यामुळे एका ए-४ चा एक ए-५ असा सरळ हिशेब. चाळीस कागदांना वाया जाणारा धरून पाव किलो रद्दी पुरते, म्हणजे शंभर पानी अडीच-तीन वह्या. पिना, सेलोटेप, स्टिकर आणि चकचकीत पुठ्ठे आधी काढायचे. हे काम मुलांनीच करावं, अर्धा धडा तिथेच आहे. गोंद राहिला तर लगद्यात चिकट गोळ्या होतात आणि जाळी बुजते. तुकडे रात्रभर भिजवून मिक्सरमध्ये मूठभर कागदाला पाऊण भांडं पाणी, अर्धा मिनिट. पाणी कमी पडलं की मोटार जळते. लगदा तयार झाला का ते पाहायला चमचाभर लगदा पाण्याच्या काचेच्या बाटलीत हलवून उजेडात धरा. गाठी दिसल्या तर पुन्हा फिरवा.

टब पसरट हवा, बादली नको. दहा लिटर पाण्याला १०० ग्रॅम रद्दीचा लगदा. पत्रक म्हणतं सगळा एकदम टाका आणि कागद काढत राहा. तसं केलं तर दहाव्या मुलाच्या वाट्याला पापुद्राच येतो, कारण प्रत्येक कागद टबातला लगदा घेऊन जातो. दर चार कागदांमागे पिळलेल्या लगद्याची एक मूठ घाला. चौकट हलवायची ती पाणी वर असेपर्यंतच; निथळल्यावर हलवली की भेगा पडतात. उलटवल्यावर जाळीवरून स्पंज दाबून पाणी टिपा. कागद जाळीला धरून राहत असेल तर टिपणं कमी पडलंय. एवढं करूनही त्यावर स्केचपेनची शाई फुटते. टबात चमचाभर कॉर्नफ्लोअरची शिजवलेली खळ घातली की थांबतं.

लगद्यात मिसळून बियांचा कागद करण्यासाठी सोबत मेथीच्या बियांची पुडी आहे, ती खरं तर मुलांना घरी भाजीच्या कुंडीत लावायला द्यावी. मेथीदाणा जाड, वाळल्यावर कागदातून गळतो, आणि वाळायला दोन दिवस लागले तर कागदातच मोड येतात. तुळस किंवा राजगिरा बरा. तोही मिक्सरमध्ये नव्हे, टबात शेवटी.

वेळेचं म्हणाल तर वह्या जूनमध्ये जमवा, पण कागद दिवाळीच्या सुट्टीनंतर करा. पावसाळ्यात वाळत नाही, बुरशी धरते. नोव्हेंबर-डिसेंबरात केलेला कागद संक्रांतीला तिळगुळाच्या पाकिटांना येतो.

खोक्यावरचं 'झाडं वाचवा' मात्र मुलांना तसंच सांगू नका. कोरडी वही रद्दीवाल्याकडे गेली असती तरी कारखान्यात तिचा कागद झालाच असता. संचाने कागद वाचत नाही, कळतो: कागदातले धागे प्रत्येक खेपेला आखूड होतात, म्हणून कागद अनंत वेळा फिरत नाही. पुणे महापालिकेसोबत २००८ पासून काम करणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताई कोरडं वेगळं का मागतात, तेही इथे दाखवता येतं. डब्यातल्या आमटीने भिजलेलं पान आणि कोरडं पान शेजारी ठेवा, भाव कुठल्याला येतो ते मुलंच सांगतील. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासूनची आहे. सहल आधी तिथे नेता आली तर संच जास्त समजतो.

उरलेला लगदा बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. फडक्यातून गाळून गोळे उन्हात वाळवा. ओला ठेवला तर तिसऱ्या दिवशी वास मारतो. वाळलेले गोळे पुढच्या वर्गाला भिजवून चालतात.